स्वेटर आणायला गेलेले पोस्टमनकाका

"अहो, माझा स्वेटर तेवढा खोलीतून घेऊन या. आणि वेळेत या हं!"

वरच्या डेकवर कठड्याची मोक्याची जागा धरून काकूंनी फर्मान सोडले आणि निवृत्त पोस्टमनकाका खाली निघाले. 'वेळेत'वरच्या त्या जोराला कारण होते. लेक शिकायला परगावी निघाली, तेव्हा काका कुणाची तरी मनीऑर्डर पोचवत होते. तिला नोकरीच्या गावी सोडायलाही काकू एकट्याच गेल्या. आता त्याच लेकीने या अवाढव्य जहाजाची तिकिटे काढून दिली, तेव्हा काकूंनी एकच अट घातली होती: "जन्मभर लोकांच्या दारात उभे राहिलात. जहाज सुटेल तेव्हा माझ्या शेजारी उभं राहायचं." काका मनापासून हो म्हणाले होते.

खोलीचा नंबर काकांनी पाहिलाच नव्हता. नंबर पाठ करतात ते नवशिके, जुना पोस्टमन घर खुणेने ओळखतो, असे त्यांचे ठाम मत. दुपारी त्यांनी खूण पक्की केली होती: निळ्या माशाचे चित्र, त्याच्या पुढे सफाईची गाडी उभी असलेले दार. गाडीला चाके असतात, हे तेवढे त्यांच्या ध्यानातून निसटले. आणि निळा मासा तर प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक वळणावर टांगलेला होता. कुणाला विचारावे म्हटले, तर पोस्टमनने पत्ता विचारायचा म्हणजे काय! किल्लीच्या कार्डावरही सुरक्षेसाठी नंबर छापलेला नव्हता. काका एकेका दाराला कार्ड लावून पाहू लागले.

एक दार आतून उघडले. टॉवेल गुंडाळलेल्या गृहस्थाने त्यांच्या हातात कोट कोंबला.

"आलात एकदाचे! लवकर इस्त्री करून आणा, जेवायला जायचंय."

"अहो, पण मी..."

दार बंद. पुढच्या दारातल्या बाईंनी कोटावर उशी ठेवली. "दगड आहे नुसता. मऊ आणा!"

आता दुसरा कुणी असता, तर ते सगळे तिथेच ठेवून पसार झाला असता. पण हातात आलेली वस्तू योग्य ठिकाणी पोचवल्याशिवाय काकांना चैन पडेना. ते विचारपूस न करता, वाफेच्या वासाचा माग काढत, तळमजल्यावरच्या धुलाईखान्यात पोचले. तिथल्या माणसाने कोटाला इस्त्री केली, नवी उशी दिली, आणि वर दोन गठ्ठे ठेवले.

"वर चाललाच आहात, तर हे पण टाका. नंबर लिहिलेत."

काकांनी सगळे बिनचूक पोचते केले. एका दारात तर बक्षीसही मिळत होते, ते त्यांनी नम्रपणे नाकारले. सगळ्यांची दारे सापडली, स्वतःचे तेवढे सापडेना.

इतक्यात जहाज सुटण्याचा भोंगा वाजला आणि काकांच्या तोंडचे पाणी पळाले. समोरून येणाऱ्या सफाईवाल्या मुलीला त्यांनी हात जोडले.

"पोरी, वरचा डेक कुठे गं? माझी बायको थांबलीय माझ्यासाठी."

ती त्यांना लिफ्टने थेट वर घेऊन गेली. पत्ता विचारल्याने आभाळ कोसळत नाही, हे काकांना या वयात कळले.

कठड्याजवळ काकू नव्हत्या. किनारा हळूहळू मागे सरकत होता. काकांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर हात ठेवला आणि येईल त्याला सांगू लागले, "इथे माणूस आहे." दर वेळी लिफ्टचे दार उघडले, की त्यांची मान वळे आणि वेगळीच बाई बाहेर येई. वाट बघणे म्हणजे काय असते, ते त्यांना आज समजत होते, आणि त्यांना फार वाईट वाटले.

अखेर काकू धापा टाकत आल्या. अंगात स्वेटर होता.

"होतात कुठे? शोधायला खोलीत गेले, तर तुमचा पत्ताच नाही!"

"चुकलं माझं," काका म्हणाले. लग्न झाल्या दिवसापासून हे वाक्य काकूंनी प्रथमच ऐकले. "जहाज सुटलं गं. आजही राहूनच गेलं."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि हात अजून काकूंच्या जागेवर घट्ट.

"अहो, एवढं काय! हे उद्या दुसऱ्या बंदराला लागणार, तिथूनही सुटणार. परवा तिसऱ्या." त्या त्यांना खेटून उभ्या राहिल्या. "फक्त उद्या मी आधीच स्वेटर घालून येणार."