खरात सरांना पावलं ऐकू येतात

आमच्या इमारतीच्या गच्चीवर रोज दिवस मावळताना एक माणूस एका पायावर उभा असतो. डोळे मिटलेले, हात कमरेवर, दुसरा पाय गुडघ्यात दुमडलेला. वारा सुटला तरी हलत नाही. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीतून वर पाहिलं की लाल आभाळापुढं ती काळी आकृती दिसते, आणि नवखा माणूस आहे तिथंच थबकतो. पहिल्या मजल्यावर नवीन भाडेकरू आले, तेव्हा त्यांची सून वाळलेले कपडे आणायला वर गेली आणि रिकाम्या हातांनी खाली आली. "वर कुणीतरी आहे, पण ते हलत नाही," एवढंच म्हणाली. पुढं कितीतरी दिवस त्या घरचे कपडे पंख्याखाली वाळत होते.

ते खरात सर. कन्नड तालुक्यातल्या एका शाळेत आयुष्यभर पी.टी. शिकवली, निवृत्त झाले आणि इथं दुसऱ्या मजल्यावर येऊन राहिले. एकटेच. मी त्यांच्या वर, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळं दिवसातून दोन-चारदा त्यांच्या दारावरून जाणं आलंच.

सर माणसाच्या तोंडाकडं बघत नाहीत, पायांकडं बघतात. इतके दिवस शेजारी राहूनही एकदा भाजीबाजारात मी "नमस्कार सर" म्हणाले, तर त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं आणि अनोळखी माणसासारखे पुढं निघाले. मी त्यांच्या मागोमाग चार पावलं चालले, तेव्हा ते वळून म्हणाले, "अरे, ताई व्हय. चप्पल नवी घेतली का? मग कसं वळखावं मानसानं."

त्यांचा आवडता शब्द खबर. "घोटा म्हंजे पहारेकरी हाये," ते सांगत. "जमीन वाकडी हाये, खड्डा हाये, ही खबर त्यानं वर कळवायची. एकदा पाय मुरगळला की पहारेकऱ्याला झोप लागती. सूज उतरती, ठणका जातो, मानूस म्हनतो झालं बरं, आन लागतो पळायला. पण पहारेकरी झोपल्यालाच. मग परत मुरगळतो. मग सपाट फरशीवर मुरगळतो. खबरच नाय ना."

हे इथवर ठीक होतं. पण कुणाचा पाय मुरगळणार, ते सर आधीच सांगायचे.

माझ्या समोरच्या घरातले पाठक रोज सकाळी बॅडमिंटन खेळायला जातात. एकदा ते रॅकेट खांद्यावर टाकून शीळ घालत जिना उतरत होते. सरांचं दार बंद होतं. आतून आवाज आला, "पाठक, उजव्याला जपा. लई दिवस नाय आता." पाठक हसले. त्याच आठवड्यात ते रिक्षातून घरी आले आणि त्यांना दोघांनी धरून वर आणलं. उजवा घोटा टमाट्यासारखा सुजला होता. वर नेताना सरांचं दार उघडं होतं, सर उंबऱ्यात उभे होते, आणि चेहऱ्यावर समाधान वगैरे काही नव्हतं. त्यांनी फक्त पाठकांच्या पायाकडं पाहून मान हलवली.

पाठकवहिनी त्या दिवसापासून सरांना काळ्या जिभेचा म्हणू लागल्या. मग तळमजल्यावरच्या एका कॉलेजातल्या मुलीचं तसंच झालं. ती पळण्याच्या शर्यतींना जायची. सरांनी तिच्या आईला बजावलं, आईनं दुर्लक्ष केलं, आणि मुलगी सराव सोडून पलंगावर येऊन पडली. इमारतीत सगळ्यांनी आपापसात काहीतरी ठरवल्यासारखं झालं. सरांच्या मजल्यावरून जाताना लोक चपला हातात घेऊ लागले. चवड्यांवर, श्वास धरून, चोरासारखे चढायचे. सूटबूट घातलेला मोठा माणूस बूट छातीशी धरून अनवाणी जिना चढतोय, हे दृश्य मी कितीदा पाहिलं आहे. आणि बंद दाराआडून सरांचा आवाज यायचा, "टाचा टेकवा. चवड्यावर चढू नगा, पोटऱ्या आवळतील." की तो माणूस उरलेल्या पायऱ्या धावतच चढायचा.

पाठकांच्या घरी सत्यनारायण झाला त्या संध्याकाळी तर कहर झाला. प्रसाद घेऊन पाहुणे बाहेर आले. जिन्यातला दिवा गेलेला. अर्धवट उजेडात सर उकिडवे बसले होते आणि त्यांच्यासमोर सगळ्यांच्या चपला-बूट उलटे करून ओळीनं मांडलेले. ते एकेका तळावरून हळू बोट फिरवत होते. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे सगळ्यांना ठाऊक. इथं तर अख्खी ओळच. एक आजीबाई रामनाम घेऊ लागल्या. सर वर न बघता म्हणाले, "हे काळे बूट कुनाचे? बाहेरची कड पार झिजलीय. हा पाय बाहेर कलतो. बूट बदला." बुटांचा मालक पुढं आला नाही. सगळे गेल्यावर तो परत येऊन बूट घेऊन गेला असावा.

मी या सगळ्याला हसायचे. मग माझी पाळी आली.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवते, आणि रविवारी आमच्या चालणाऱ्या मंडळींबरोबर टेकड्या, किल्ले पालथे घालते. देवगिरीच्या पायऱ्या उतरताना माझा डावा पाय पहिल्यांदा मुरगळला. आंबेहळदीचा लेप लावला, पट्टी गुंडाळली, आणि बरं वाटताच परत निघाले. मग गोगाबाबाच्या टेकडीवर मुरगळला. मग सूतगिरणी चौकात रस्ता ओलांडताना. सल्ले भरपूर मिळाले. आईनं फोनवर एका पायाळू बाईचा पत्ता शोधून दिला. उलट्या जन्मलेल्या माणसाची लाथ लचकेवर चालते म्हणे. लाथ कंबरेला चालते की घोट्यालाही, यावर घरात चर्चा झाली. शेवटी एका संध्याकाळी जिना चढताना, कोरड्या सरळ पायरीवर, पाय आत वळला आणि मी सरांच्या दारापाशी खालीच बसले.

दार उघडलं. सरांनी हाडावर दोन ठिकाणी अंगठा दाबून पाहिला, मला उभं राहायला सांगितलं. मला पाय टेकवेना. "आधी फोटो काढून घ्या," ते म्हणाले. "हाड बघितल्याबिगर मी हात लावनार नाय." हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, घोट्याचे बंध पुन्हापुन्हा ताणून सैल झालेत, नुसत्या विश्रांतीनं भागणार नाही, व्यायाम लागतील. फिजिओथेरपिस्ट बाईंनी ते शिकवले. एका पायावर उभं राहणं, डोळे मिटून उभं राहणं, पायरीच्या कडेवर टाचा वर उचलणं, रबराच्या पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर ढकलणं. मी सरांना सांगितलं तर त्यांनी समाधानानं मान डोलावली. "बाई हुशार हायेत. आता तुमी करता का नाय ते मी बघतो."

आणि तेव्हापासून एक विचित्र गोष्ट सुरू झाली.

मी लंगडत जिना चढू लागले की दुसऱ्या मजल्याचं दार उघडायचं. मी वळणावर पोचायच्या आधी. कडी निघाल्याचा आवाज यायचा, आणि मी वर पाहावं तर सर दारात. पण ते पायांकडं बघत नसायचे. हा माणूस, जो कुणाच्याच तोंडाकडं बघत नाही, तो तेव्हा थेट समोर, चेहऱ्याच्या उंचीवर बघायचा. माझ्याकडं नव्हे, मी जिथं येणार त्या जागेकडं. मग मी वळणावरून दिसायचे, आणि त्यांची नजर खाली घसरायची. "तुमी व्हय," ते म्हणायचे. दर वेळी तेच. दुसरं कुणी येणार होतं आणि मीच आले, असं.

रोज संध्याकाळी, सर गच्चीवरून खाली आले की, त्यांच्याकडं व्यायाम. खोलीत सामान फार नव्हतं. फरशीवर घडी घातलेली गोधडी, तिच्यावर मी एका पायावर, दाराच्या कडीला बांधलेली सायकलची जुनी ट्यूब, आणि दाराशेजारी, दाराकडं तोंड केलेली एक खुर्ची. दिवा ते लावू देत नसत. "उजेडात डोळे काम करत्यात, घोटा आळशी होतो." त्या धूसर खोलीत डोळे मिटून उभी राहिले की पायाखालची गोधडी जिवंत असल्यासारखी सरकायची आणि सरांचा श्वासही ऐकू यायचा नाही. कधीकधी ते मध्येच म्हणायचे, "ताई, जरा खाली जाऊन परत चढून येता का? तपासायचंय." मी खाली जाऊन चढून यायचे. एक पाऊल पूर्ण, एक अर्धं. ते दाराआड अंधारात उभे असायचे. एकदा मी वर पोचले तर ते पाठ फिरवून खिडकीकडं गेले. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बास. आजच्यापुरतं बास."

घरी येऊन मी दाराला कडी लावली, आणि का लावली ते मलाच कळेना. पाठकवहिनी म्हणाल्या, "मी सांगत होते, त्या घरात काहीतरी आहे. एकटा माणूस दाराकडं तोंड करून कशाला बसेल?" पण पाय सुधारत होता. गोधडीवर डोळे मिटून मी आता गाणं गुणगुणत उभी राहायचे. आणि जसजशी मी सुधारत गेले तसतसे सर जास्त कडक आणि जास्त गप्प होत गेले. मी एखाद्या दिवशी टाळाटाळ केली तर दामटून करवून घ्यायचे. चांगलं जमलं तर मात्र शाबासकी नाही, नुसतं खिडकीबाहेर बघणं.

एका संध्याकाळी मी जिना चढून वर आले तर दार बंद. मी घंटी वाजवली. वेळ गेला. दार उघडून सर मला बघतच राहिले.

"कवा आलात?"

"आत्ताच. चढूनच आले की."

"मला आवाज आला नाय," ते म्हणाले. "म्हंजे आला. पण कुनाचाबी असंल असा आला." ते खुर्चीत बसले. "झालं मग. झाला तुमचा पाय बरा."

मी हसून आभार मानायला लागले, तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"सिंधूचं पाऊल असं होतं, तुमचं परवापर्यंत वाजायचं तसं," ते म्हणाले. "आमची मंडळी. नर्स होती. खेड्याखेड्यांनी पोरांना सुया टोचत पायी फिरायची. तरुणपनी ओढ्यात डावा पाय मुरगळला, मग मुरगळतच राह्यला. मी शाळेतल्या पोरांचे पाय नीट करायचो, तिला बी म्हनलं, करू. तर म्हनायची, राहू द्या, ह्या आवाजावरच तर पोरं वळखत्यात मला. सुईवाली बाई आली म्हनून पळत्यात, तेवढीच त्यांना सवड. गल्लीच्या टोकाला तिचं पाऊल वाजलं की मी चहा टाकायचो."

"इथं राहायच्या का त्या?"

"नाय. हे घर तिनंच पसंत केलं. वरचा मजला पायजे, ऊन यायला पायजे. आन इकडं यायच्या आधीच ताप आला आन गेली. ह्या जिन्यावर ती एकदा बी चढली नाय, ताई. तरी तुमी पाय मुरगळून चढायला लागलात, आन तोच आवाज. ह्याच जिन्यावर. मला म्हाईत होतं तुमीच असनार. तरी बी उठायचो."

खोलीत आता एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते. मी विचारलं, "मग मला बरं कशाला केलंत सर?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. "पाय तुमचा हाये ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी जे केलं ते शहाणपणाचं नव्हतं. महाविद्यालयातून येताना पहिल्या मजल्यापासून मी डावा पाय मुद्दाम अर्धा टेकवत चढू लागले. एक पूर्ण, एक अर्धं. वळणाच्या अलीकडं दाराआडून आवाज आला.

"खोटं चालू नगा ताई. लई वाईट नक्कल हाये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात आत कुणीतरी हसायला लागलं. सरांना हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. क्षणभर वाटलं आत दुसरंच कुणी आहे. दार उघडलं. सर डोळे पुसत होते.

"ती बी असंच करायची," ते म्हणाले. "नकला. अख्ख्या गावाच्या. सरपंच लई तोऱ्यात चालायचा, पोट पुढं, धोतराचा सोगा हातात. ती सरपंच करायला लागली की मी जेवन टाकून हसायचो. थांबा, दावतो."

सर उठले. पोट पुढं काढलं, एका हातात नसलेल्या धोतराचा सोगा धरला आणि मावळतीच्या उरल्यासुरल्या उजेडात त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आले. सरपंच हुबेहूब होता, मान ताठ, पावलं ऐटीत. फक्त त्याचा डावा पाय दर वेळी अर्धाच टेकत होता.