जेवणारी माणसं : अकरा

प्रेम आंधळं असतं, हे सर्वमान्य आहे. म्हणूनच त्याची कागदपत्रं तपासायला सरकारला चष्मेवाली माणसं नेमावी लागतात.

परदेशातल्या बायकोला अमेरिकेत आणायचं, तर नवऱ्याचं तिच्यावर प्रेम आहे एवढं पुरत नाही (प्रेम काय, कुणाचंही असतं). तिला खाऊ घालायची आपली ऐपत आहे, ती उद्या सरकारच्या दारात हात पसरणार नाही, असं शपथपत्र लिहून द्यावं लागतं. त्याची पानं दहा. आमच्या न्यू बेडफर्डमध्ये बऱ्याच घरांत त्याची एक प्रत बायबलच्या शेजारी ठेवलेली असते. दोघांपैकी कशाची पानं जास्त मळलेली आहेत ते मी सांगणार नाही, कारण रविवारी मला पाद्रीबाबांना तोंड दाखवायचं असतं.

मी ओरासियो. धंदा पिंपांचा. इथले लोक आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या केप व्हर्दच्या बेटांवर राहिलेल्या नातेवाइकांसाठी निळ्या पिंपांत तांदूळ, तेल, साबण, जुने बूट ठासून भरतात आणि मी ती पिंपं जहाजावर चढवतो. दुकानाच्या मागच्या टेबलावर हे शपथपत्र मी लोकांना फुकट भरून देतो. तेवीस वर्षांत एकशे ऐंशी जोडपी माझ्या हातून एकत्र आली. त्यातली एकशे बारा अजून सुखात आहेत, एकतीस एकाच घरात दोन वेगळ्या टीव्हींसमोर बसतात, आणि उरलेली मला लांबून पाहिलं की रस्ता ओलांडतात.

हे कागद जिथे तपासले जातात ते कार्यालय मी कधी पाहिलेलं नाही. कुणीच पाहिलेलं नाही. पण देवाच्या बाबतीतही आपण तेवढ्यासाठी अडून बसत नाही. कार्यालयाची शिस्त मात्र वाखाणण्यासारखी आहे. अर्जातला एकही रकाना रिकामा चालत नाही. आमच्या लालाऊकडे घर नाही, जमीन नाही, शेअर नाहीत, बँकेत शिल्लक नाही, म्हणून त्या भाबड्याने ते रकाने कोरे सोडले. पन्नास दिवसांनी अर्ज परत. मग त्याने ओळीने शून्यं काढली आणि अर्ज पुढे सरकला. माणसाकडे काही नसलं तरी चालतं, फक्त ते त्याने स्वतःच्या अक्षरात कबूल करायला हवं. मोटारीचंही तसंच. तुमची एकच मोटार असेल तर ती मालमत्ता नव्हे. दुसरी असेल तर ती मालमत्ता. (पहिलीने माणूस कामावर जातो. ती विकून बायकोला जेवू घातलं, तर दुसऱ्या दिवशी दोघंही उपाशी. एवढा खोल विचार माझ्या सासऱ्यानेसुद्धा केला नव्हता.)

आणि मुदत! लग्नात पाद्रीबाबा विचारतात, "मरेपर्यंत?" आपण म्हणतो, "हो." चार मिनिटांचं काम. पुढे पटलं नाही, तर वकील गाठून ते मोडताही येतं. शपथपत्राचं तसं नाही. बायको इथली नागरिक होईपर्यंत, किंवा तिने साधारण दहा वर्षं काम करेपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत, किंवा दोघांपैकी कुणी एक मरेपर्यंत ते लागू राहतं. घटस्फोट या यादीत नाही. देवाने बांधलेली गाठ सुटते, पण या कार्यालयाने बांधलेली सुटत नाही. मला तर वाटतं लग्नं तिथेच लावावीत.

असो. सांगायचंय ते आदेरितोचं.

आदेरितो मासळीच्या कारखान्यात शिंपले सोलतो. दोन वर्षांपूर्वी तिकडच्या फोगू बेटावर जाऊन त्याने इव्हांद्राशी लग्न केलं. एकोणीस दिवस तिच्याबरोबर राहिला, रजा संपली, परत आला. तेव्हापासून संसार फोनवर. रोज संध्याकाळी फोन साखरेच्या डब्याला टेकवून तो स्वयंपाकघरात बसतो. इव्हांद्राला ते घर आता इतकं पाठ झालंय, की हा मीठ शोधायला लागला की ती चार हजार मैलांवरून ओरडते, "अरे, खिडकीखालच्या फळीवर आहे, डावीकडे! डोळे आहेत की बटणं?" पोरगा हसतो, मीठ घेतो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या साखरेच्या डब्याकडे बघत बसतो. मला ते बघवत नसे.

तर आम्ही अर्ज भरायला बसलो. कमाई लिहिली, कराचे कागद लावले. पुढचा प्रश्न : तुमच्यावर किती माणसं अवलंबून आहेत? मी तो सोप्या भाषेत विचारला आणि तिथेच चूक झाली.

"तुमच्या घरात जेवतात किती जण?"

आदेरितोची आई झुल्मिरा मावशी काशुपासाठी, म्हणजे आमच्या मका-घेवड्याच्या कालवणासाठी, मक्याचे दाणे निवडत होती. तिने मान वर केली. "अकरा."

"मावशी, राहता तुम्ही दोघंच."

"राहतात किती ते विचारलंस का? जेवतात किती म्हणालास. शनिवारी माझ्या काशुपाच्या भांड्यावर अकरा पानं पडतात. लिही."

"अहो, ते शेजारीपाजारी—"

"ओरासियो! झुल्मिराच्या घरी दोनच माणसं जेवतात, असं मी सरकारला लिहून देऊ? सरकारला वाटेल, बाई कवडीचुंबक आहे. किंवा तिच्या हाताला चव नाही. लिही अकरा, आणि मोठ्या अक्षरात लिही."

आमच्या लोकांत हे असंच आहे. भांडं कितीही लहान असो, त्यावर किती जण जेवले हीच घराची इज्जत. ज्या घरात मोजून दोन पानं वाढली जातात, तिथे मुलगी देताना लोक विचार करतात. मी अकरा लिहिलं. मोठ्या अक्षरात.

चौऱ्याहत्तर दिवसांनी उत्तर आलं. भाषा अत्यंत सभ्य. अकरा माणसं पोसून बारावं आणणाऱ्या गृहस्थाची कमाई सुमारे त्र्याण्णव हजार डॉलर असायला हवी; आपली एकोणचाळीस हजार चारशे आहे; सबब आपण गरीब आहात. यातला तर्क मी तुम्हाला उलगडून सांगतो, कारण तो सुंदर आहे. जो माणूस कुणालाच जेवू घालत नाही, तो श्रीमंत, म्हणून जेवू घालायला योग्य. जो अकरा जणांना जेवू घालतो, तो भिकारी, म्हणून बाराव्या पानाला नालायक.

आदेरितोने उत्तर दोनदा वाचलं. म्हणाला, "काका, माझी बायको काशुपात अडकली." मग त्याने आईला हात जोडून विनवलं, की आकडा कमी करू दे. मावशी ऐकेना. "ज्याला माझ्या घरातून कमी व्हायचंय, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं. मी कुणाला भांड्यावरून उठवणार नाही."

त्या कार्यालयाची दूरदृष्टी अशी, की असल्या पेचासाठीही तिथे एक पुरवणी आहे. घरातल्या कमावत्या माणसाने त्या पुरवणीवर सही केली, की त्याची कमाई अर्जदाराच्या कमाईत धरता येते. मी नऊ प्रती काढल्या आणि शनिवारी दुपारी मावशीकडे गेलो.

सगळे हजर होते. तीन घरांचा मालक असलेला फाउश्तिनो, जो भाडं गोळा करून परस्पर इकडे जेवायलाच येतो. लालाऊ. आदेरितोचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता आणि त्याची बायको. मावशीचे तीन भाचे. चर्चच्या गायनातला एक जाड आवाजाचा गृहस्थ, जो कुणाचा कोण हे आजवर ठरलेलं नाही. आणि कोपऱ्यात वरच्या मजल्यावरची ऐंशीच्या पुढची ओतिल्दा आजी. दुसरं वाढप झाल्यावर मी उभा राहिलो.

"मंडळी, इव्हांद्राला आणायला या घरच्या माणसांची मदत हवी."

"अरे, मग विचारतोस काय!" फाउश्तिनोने टेबलावर थाप मारली. "आम्ही घरचेच की! वीस वर्षं या बाईचं मीठ खातोय!" धर्मपित्याचे डोळे पाणावले. भाच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मग इथे सही करा," मी म्हणालो आणि पुरवणी वाचून दाखवली. सही करणारा या मुलीच्या पोटापाण्याला बांधील राहील. उद्या नवराबायकोचं फिसकटलं, तरीही राहील. सरकारने तिच्यावर खर्च केला, तर तो याच्याकडून वसूल होईल.

धर्मपित्याचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले आणि भाच्यांचे टाळ्यांचे हात टेबलाखाली गेले.

"फिसकटलं तरी?" फाउश्तिनोने विचारलं.

"तरीही."

"आणि मी मेलो तर?"

"मग तुमची सुटका."

फाउश्तिनोने चमचा खाली ठेवला. "हे बघ ओरासियो, उगाच गैरसमज नको. मी इथे जेवत नाही. मी नुसती चव बघायला येतो."

"तीन वाट्या चव?" मावशी म्हणाली.

पण बांध फुटला होता. धर्मपित्याला डॉक्टरांनी मका वर्ज्य केल्याचं आठवलं. त्याची बायको म्हणाली, मी यांना सोबत म्हणून येते. एक भाचा म्हणाला, मी फक्त शनिवारी येतो. दुसरा म्हणाला, मीसुद्धा. तिसऱ्याने सांगितलं की आपलं मावशीशी खरं तर बोलणंच नाही. लालाऊने, तोंडात घास असताना, आपल्या नावापुढे शून्य लिहायला सांगितलं. गायक गृहस्थांकडे पाहतो तर खुर्ची रिकामी आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ. अकरा मिनिटांत (मी घड्याळ लावलं होतं) त्या घरातली आठ माणसं अधिकृतपणे उपाशी निघाली.

उरली ओतिल्दा आजी. "मला वाचता येत नाही," ती म्हणाली. "पैसाही नाही. पण मी जेवते. या बाईच्या हातचंच जेवते, रोज. मला लिही."

मी पेन धरून थांबलो. कारण हिशेब माझ्या डोक्यात झाला होता : आदेरितो, इव्हांद्रा, मावशी, तिघंच धरली तर कमाई ऐसपैस. आजीला धरलं तर एकोणचाळीस हजार लागणार. वर जेमतेम चारशे डॉलर. ओव्हरटाइमची एक पावती कार्यालयाला पटली नाही, की मीठ पुन्हा फोनवरून शोधायचं. मी आदेरितोकडे पाहिलं. त्याने साखरेच्या डब्याकडे पाहिलं. मग आजीकडे.

"लिहा काका," तो म्हणाला. "चार."

मावशीने आजीच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.

एकसष्ट दिवसांनी अर्ज मंजूर झाला. एका घराची माणसं, सुनेला धरूनही, अकरावरून चारवर आली, आणि त्यासाठी कार्यालयाला एक शिपाईसुद्धा पाठवावा लागला नाही. इव्हांद्रा थंडीच्या तोंडावर बॉस्टनला उतरली. घरात शिरली ती थेट खिडकीखालच्या फळीकडे गेली, मिठाचा डबा उचलला आणि हुंदके देऊन रडली. आदेरितोही रडला. मीही, थोडा, मी काही दगड नाही.

पहिल्याच शनिवारी काशुपावर एकोणीस पानं होती. सगळ्यात आधी फाउश्तिनो. "आपल्या घरची सून आली," म्हणत त्याने स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. मावशीचा चेहरा उजळला होता. इव्हांद्रा माझ्या कानाशी लागली. "काका, कागदावर तर आपण चारच होतो ना?"

"कागदावर चारच आहोत, पोरी," मी म्हणालो. "बाकीचे चव बघतायत."

त्या पुरवणीची कीर्ती मात्र गावभर झाली. लोक आता बायको आणायची नसली तरी माझ्याकडून तिची प्रत मागून नेतात. पाहुण्यांचं दुसरं वाढप झालं, की ती हळूच टेबलावर ठेवायची, शेजारी पेन. आपली माणसं किती ते गोड पदार्थ यायच्या आत कळतं, आणि गोडही वाचतं.

तुम्ही हसताय, हसा. पण गेल्या रविवारी तुम्ही जिथे नको-नको म्हणत दोनदा वाढून घेतलंत ना, त्या घरची बाई काल माझ्या दुकानात आली होती. एकच प्रत घेऊन गेली. कुणासाठी ते तिने सांगितलं नाही. तुमच्याकडे पेन आहे का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.