गुप्त कामावरचा मुलगा

गल्लीतल्या खांबावर पोलिसांचा फिरता कॅमेरा बसला तो फौजदारीणबाईंच्या हट्टामुळे. फौजदारीण हे गल्लीने ठेवलेलं नाव; घराण्यात पोलिसात कोणीच नव्हतं. पण कोणाकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना तोंड कसं होतं, हे सगळं त्या गॅलरीतल्या खुर्चीवरून बघायच्या. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. समोरच्या घरात शिरलेला माणूस पाहुणा की चोर, हे कळेनासं झालं. त्यांनी चौकी गाठली आणि सांगितलं, "आता तुमचं तुम्ही बघा."

समोरची शिक्षिका तेवढी कुरकुरली. "काकू, आपण कधी येतो, कधी जातो, सगळं त्यांना दिसणार."

"दिसू दे की. आपण काय कोणाचं चोरलंय?"

"चोरलं नाही म्हणून काय झालं? खिडकीला पडदा लावतोच ना आपण?"

"तुझा पडदा आखूड आहे. केव्हाचं सांगायचं होतं," फौजदारीणबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

गल्लीत एक बसला, बाजारात दोन, बँकेसमोर एक. थोड्याच दिवसांनी हवालदार मोबाइल घेऊन बाईंच्या दारात हजर झाले.

"बाई, हा तुमचाच ना?"

बाईंनी मोबाइल नाकाला लावला. बँकेसमोरच्या बाकावर त्यांचा एकुलता एक मुलगा बसला होता. मांडीवर बॅग, अंगात सकाळीच इस्त्री केलेला शर्ट.

"रोज सकाळी येतो, संध्याकाळी जातो," हवालदार म्हणाले. "ऊन आलं की बाकाच्या या टोकावरून त्या टोकाला सरकतो. नजर सारखी बँकेच्या दारावर. वरून विचारणा आलीय. चोरी व्हायच्या आधीच चोर धरायचा, असं आता ठरलंय."

"तो कचेरीत आहे. साहेब आहे तो तिथे."

"मग हा कोण?"

बाईंनी सुनेकडे पाहिलं. सून स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभी होती. बाईंना लांबचं दिसत नव्हतं, जवळचं चांगलं दिसायचं. मुलाची नोकरी गेली होती. सुनेला ते ठाऊक होतं. गल्लीची खडान्‌खडा खबर ठेवणाऱ्या बाईंना घरातलीच कळली नव्हती.

बाईंनी मनात झटकन हिशेब केला. मुलगा चोर ठरला तर वकील सोडवून आणील. बेकार ठरला तर गल्लीच्या तोंडातून कोण सोडवणार?

"गुप्त कामावर आहे तो," त्या म्हणाल्या.

"कोणाच्या?"

"ते मला सांगितलं असतं तर गुप्त कसलं?"

"म्हणजे बँकेवर नजर ठेवायचं काम?"

"हे तुम्ही बोललात. मी काही बोलले नाही."

हवालदार आपोआप ताठ उभे राहिले. चहालाही न थांबता चौकीत गेले आणि साहेबांना सांगितलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना विचारलं. त्यांनी आणखी वर विचारलं. असा माणूस कोणीच नेमला नव्हता. कोणीच नेमला नव्हता, म्हणजे खूपच वरून नेमलेला असणार, नाहीतर मोठी टोळी असणार. टोळी धरणं त्यातल्या त्यात सोपं, म्हणून दुपारी जीप निघाली.

जीप गल्लीत येऊन थांबली. दोन शिपायांच्या मध्ये मुलगा बसला होता, मांडीवर अर्धा खाल्लेला डबा. खिडक्या पटापट उघडल्या. आखूड पडदासुद्धा बाजूला झाला.

"आजी," इन्स्पेक्टर खालून म्हणाले, "कोणत्या खात्याचा आहे हा? खरं सांगा, नाहीतर कोठडीत न्यावं लागेल."

"आई, मी यांना सगळं खरं सांगितलंय," मुलगा मान खाली घालून म्हणाला. "हे म्हणतात, गुप्त माणूस असंच सांगणार."

बाई गॅलरीच्या कठड्याशी आल्या. लांबचं धूसर दिसत होतं, तरी कोणकोणत्या खिडकीत कोण असेल हे त्यांना पाठ होतं. त्या खाकरल्या.

"कुठल्याच खात्याचा नाही तो. नोकरी गेलीय त्याची. डबा घेऊन निघतो आणि बाकावर जाऊन बसतो, कारण घरी मी असते. कॅमेरा मी मागितला, खोटंही मीच बोलले. त्याला खाली उतरवा." मग खिडक्यांकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत सगळ्यांनी? आता लावा खिडक्या."

एकही खिडकी लागली नाही.

इन्स्पेक्टर मुलाकडे बघत राहिले. "काय रे, दिवसभर एका जागी बसून झोप नाही येत?"

"नाही येत, साहेब."

"मोबाइलमध्ये तोंड घालत नाहीस?"

"रिचार्ज संपलाय."

"कॅमेऱ्यांतलं दिसतं त्या पडद्यासमोरचा आमचा माणूस जेवण झालं की घोरायला लागतो. तू जेवतानाही दाराकडेच बघत होतास. मी स्वतः पाहिलंय." त्यांनी हवालदारांना खूण केली. "उद्यापासून याला पडद्यासमोर बसवा."

ज्याला धरायला जीप निघाली होती, तोच सगळ्या कॅमेऱ्यांमागे जाऊन बसला. फौजदारीणबाईंची मान पुन्हा ताठ झाली. अडचण एकच उरली. तो आता दिवसभर आईला बघू शकत होता, आईला काही तो दिसत नव्हता.

पुढच्याच आठवड्यात हवालदार गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल उभी करून घाईघाईने आले. बाई खांबाखाली उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही रोज दुपारी इथे उभ्या राहून हातवारे करता. वरून विचारणा आलीय."

"थांबा जरा." बाईंनी मान वर केली आणि हाताने घास तोंडाशी नेल्याची खूण केली. "जेवलास का रे?"

खांबावरचा कॅमेरा खाली वाकला, वर झाला, पुन्हा खाली वाकला.

"भाजी टाकली तर नाहीस?"

कॅमेरा डावीकडे वळला, उजवीकडे वळला.

हवालदार तोंड उघडं ठेवून बघत राहिले. कॅमेरा मान हलवतो, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. भानावर येऊन ते गल्लीच्या तोंडाशी गेले, तर मोटारसायकल जागेवर नव्हती. ते धावत परत आले.

"बाई, माझी गाडी गेली. कोण आलं होतं? तुम्हाला तर गल्लीतलं सगळं ठाऊक असतं."

"मी वर बघत होते," फौजदारीणबाई म्हणाल्या. "तोही मलाच बघत होता."