रियाल, डॉलर आणि नाना

एक गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. मी नानांना पाच महिने परकीय चलनाचे खोटे भाव सांगितले.

नाना आमचे देवपुरातले शेजारी. ओमानच्या एका रियालला कॅनडाचे किती डॉलर येतात, हे रोज सकाळी फाटकाशी उभं राहून विचारणारा दुसरा माणूस धुळ्यात नसावा. "आजना भाव काय शे, साहेब?" दुधाची पिशवी हातात असतानाच उत्तर द्यावं लागे.

मुलगा मस्कतला, नात कॅनडात शिकायला. बाप रियाल कमावणार, लेक डॉलर खर्चणार. नात निघाली तेव्हाच पहिली फी भरलेली, पुढची जानेवारीत. मी बँकेत म्हणून मला विचारायचे. खरं तर मी पीककर्जाच्या टेबलावर. रियालची नोटही पाहिलेली नाही. पण 'परदेशी व्यवहार बघतो' अशी हवा गल्लीत मीच केलेली. मोबाइलवर बघायचाही कंटाळा. भाव साडेतीनच्या आसपास असतो एवढं माहीत होतं. मग आज तीन चोपन्न, उद्या तीन एकावन्न, तोंडाला येईल ते.

नाना ते कॅलेंडरवर लिहीत आणि वर मलाच शिकवत. उभा जन्म त्यांनी जळगावकडे केळीच्या बागांत मापाडी म्हणून काढलेला. बोर्डावर केळीचा भाव लागतो एक, व्यापारी बांधावर येऊन देतो दुसरा. पैसे बदलणाराही तसाच, म्हणायचे; घेताना एक भाव, विकताना दुसरा, मधली फट त्याची. आमच्या शाखेत हे इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. रियालचे आधी रुपये करून मग डॉलर घ्यावेत, असा सल्ला मी एकदा ठोकून दिला. नाना म्हणाले, "दोनदा तोला तं दोनदा घट पडस."

जानेवारीत एका संध्याकाळी ते घरात आले. फीची उद्या शेवटची तारीख होती. आज पाठवू की सकाळपर्यंत थांबू, तुम्हीच सांगा, असं मुलानं त्यांच्यावर सोपवलेलं.

"आज मातर खरा भाव देखीसन सांग," नाना म्हणाले.

मी मोबाइल उघडला.

"रविवारले बी तू नवा भाव सांगस. रविवारले पैसास्नी पेठ बंद ऱ्हास. माले पहिलाच महिनामा समजनं."

मग रोज विचारत कशाला होता, मी पुटपुटलो.

नाना हातातल्या फोनकडे बघत म्हणाले, "पोऱ्या नि नातना पैसास्ना रस्तामा रुपया येतच नही. मंग मी कोठे येऊ? भावनं निमित्त करीसन पोऱ्यासंगे बोलणं व्हस."

खरा भाव मी तीनदा तपासून सांगितला. नानांनी तिथूनच फोन लावला: धाडी दे, आमना साहेबनी नीट देखेल शे. फीचं दोन वाक्यांत संपलं. मग जेवलास का, भाजी कसली केली, पाठ दुखते का, हे बराच वेळ चाललं. बायकोनं चहा आणला तेव्हा तिच्यादेखतही ते मला साहेबच म्हणाले. गल्लीत आजही म्हणतात.

मी त्या दिवशी त्यांचे आभार मानले. माफी मागायची अजून राहिली आहे.