मला मान्य आहे

संत तुकाराम नगरातल्या ओव्हाळांच्या घरी शुक्रवारी दुपारी त्रेचाळीस इंची नवा टीव्ही आला आणि जुना एक्स्चेंजमध्ये गेला. बसवायला आलेल्या माणसाने भिंतीला भोकं पाडली, वायरी जोडल्या, भाषा मराठी करून दिली आणि चहा पिऊन तो निघून गेला. पडद्यावर बारीक अक्षरांत 'वापराच्या अटी व शर्ती' आल्या. खाली निळं बटण होतं, 'मला मान्य आहे'.

समाधान ते दाबणार, तेवढ्यात त्याचे वडील भीमराज म्हणाले, "थांब. वाचलंस का?"

"पप्पा, हे कोणीच वाचत नाही."

"म्हणूनच ते लिहितात. आण तो रिमोट इकडं."

भीमराजांनी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या पत्रा दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये चौतीस वर्षं काढली होती, त्यातली एकोणीस युनियनच्या वाटाघाटी कमिटीत. एका करारात 'चहा आणि नाश्ता'च्या जागी 'चहा किंवा नाश्ता' टाइप झालेलं त्यांनी पकडलं होतं, म्हणून दोन हजार कामगारांचे पोहे वाचले होते. अशा माणसाने न वाचता हो म्हणणं शक्यच नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, वही घेतली आणि पडद्यासमोर खुर्ची ओढली.

एकूण पानं त्रेसष्ट होती. मराठी भाषांतर कुठल्याशा यंत्राने केलेलं असावं. सातव्या पानावर भीमराज मोठ्याने वाचू लागले, "'सेवा सुधारण्यासाठी आम्ही आपल्याकडे बिस्किटे साठवू शकतो.'"

"साठवू देत की," त्यांच्या पत्नी पंचशीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "डबा रिकामाच आहे."

"कुकीज, आई," समाधान म्हणाला. "कॉम्प्युटरमधल्या."

पंचशीलाबाईंना बिस्किटांशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना शनिवारची काळजी होती. त्यांची सून रश्मी चाकणच्या एका गिअर कंपनीत लाइन सुपरवायझर होती. कारखान्यांतल्या बायकांवर एका लोकल केबल चॅनेलने कार्यक्रम केला होता, त्यात तिची मुलाखत होती. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता. ते चॅनेल मोबाइलवर दिसत नव्हतं. पंचशीलाबाईंनी चारही मजल्यांवर आमंत्रणं दिली होती आणि नवा टीव्हीसुद्धा त्याच तारखेसाठी घाईने घेतला होता.

"पाचच्या आत होईल ना तुमचं?" त्यांनी विचारलं.

"त्रेसष्ट पानं म्हणजे काहीच नाही," भीमराज म्हणाले.

पण टीव्हीचीही एक सवय होती. पाच मिनिटं कोणी बटण दाबलं नाही, की तो झोपी जायचा आणि उठवल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून सुरू व्हायचा. भीमराज एकेका कलमावर दहा मिनिटं विचार करत. शुक्रवारी त्यांनी पहिली अकरा पानं चार वेळा वाचली. शेवटी त्यांनी समाधानला शेजारी बसवून दर चार मिनिटांनी बाण वर-खाली करायची ड्यूटी दिली. समाधानचं वर्क फ्रॉम होम होतं. एका हाताने मीटिंग, दुसऱ्या हाताने रिमोट.

शनिवारी सकाळी भीमराजांनी कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडे अपेक्षा नावाची मुलगी होती.

"मॅडम, कलम एकोणीस. 'कंपनी या अटी कधीही बदलू शकते.' हे एकतर्फी झालं. आम्ही असल्या एका कलमासाठी अकरा दिवस गेटवर बसलो होतो."

"सर, टीव्ही ऑन होतोय का?"

"टीव्हीचं काही नाही, तो चांगला आहे. माझं म्हणणं कराराबद्दल आहे. तुमच्याकडून बोलणी करायला कोण येणार?"

अपेक्षाने कॉम्प्युटरवर नोंद काढली. मग म्हणाली, "सर, टीव्ही पंचशीला ओव्हाळ यांच्या नावावर आहे. तक्रार त्यांनीच करायला हवी."

भीमराजांनी फोनवर हात ठेवला. "अगं, तू मला अधिकारपत्र देतेस का?"

"मी तुम्हाला शिरा देते," पंचशीलाबाई म्हणाल्या. "खा आणि बटण दाबा."

साडेचारला लोक यायला लागले. खालच्या मजल्यावरचे उद्धवराव, मूळचे लातूरचे, सगळ्यात आधी येऊन सोफ्यावर बसले. समोर पाहतात तर मजकूर.

"काय करायलाव हो तुम्ही? माझा बी ह्याच कंपनीचा टीव्ही हाय. मी दाबलं बटण. मला काय झालं?"

"तो तुमचं बोलणं ऐकतो, उद्धवराव. कलम सव्वीस."

"ऐकू द्या. घरात दुसरं कोण ऐकतंय माझं?"

सगळे हसले, आणि मग प्रत्येकाला मत सुचलं. कोणी म्हणालं, सरकारनेच एकदा वाचून सगळ्यांच्या वतीने मान्य करावं. समोरच्या मिनल म्हणाल्या, "आमची निशिगंधा गेममध्ये रोज दहा वेळा मान्य करते. परवा तर सोनेरी तलवार मिळाली तिला."

"आणि तिनं काय दिलं?" भीमराजांनी विचारलं.

मिनलनी जीभ चावली. "माझा मोबाइल नंबर दिला."

"लिहून घे, समाधान!"

या गडबडीत बाण हलवायचा राहिला आणि टीव्ही झोपला. समाधानने उठवला, तर पान पहिलं. घड्याळात पाचला पाच मिनिटं कमी होती. पंचशीलाबाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं, शिऱ्याचं पातेलं उचललं आणि म्हणाल्या, "चला, उद्धवरावांकडं." पाठोपाठ सगळी खोली रिकामी झाली. समाधानसुद्धा गेला.

भीमराज एकटे उरले. दहा मिनिटांनी खालून टाळ्या ऐकू आल्या. त्यांना वाटलं, जावं. ते जिना उतरून उद्धवरावांच्या दारापर्यंत गेलेही. पण आत पाय ठेवायला जागा नव्हती, दिसत होत्या नुसत्या पाठी. तेवढ्यात पुन्हा टाळ्या पडल्या. 'मलाही बघू द्या' म्हणायची त्यांना लाज वाटली. ते तसेच वर आले. खुर्चीत बसले, पण त्यानंतर एकही पान त्यांच्या डोक्यात शिरलं नाही.

"तुमच्याबद्दल बोलली ती," परत आल्यावर पंचशीलाबाई म्हणाल्या.

"काय बोलली?"

"उद्या दहाला पुन्हा दाखवणार आहेत. तेव्हा बघा." त्यांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं, पण त्यात उद्धवरावांचं टक्कल आणि शिट्ट्या एवढंच आलं होतं. रश्मी ड्यूटीवरून आल्यावर भीमराजांनी तिलाही विचारलं. ती नुसती हसली.

रविवारी सकाळी साडेनऊला पंचशीलाबाईंनी रिमोट हातात घेतला. "टीव्ही माझ्या नावावर आहे."

"निषेध नोंदवून दाब," भीमराज हळूच म्हणाले आणि वहीत तसं लिहिलं.

पंचशीलाबाईंनी बटण दाबलं. टीव्ही आनंदाने वाजला आणि पडद्यावर आलं, 'सॉफ्टवेअर अपडेट सुरू आहे. ५५ मिनिटे शिल्लक. कृपया टीव्ही बंद करू नका.'

चौघेही चपला घालून खाली निघाले.

उद्धवरावांनी भीमराजांना अगदी पुढे खुर्ची दिली. कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर निळ्या गणवेशातली रश्मी मशीनपाशी उभी होती. निवेदिकेने विचारलं, "पुरुषांच्या लाइनवर काम करायचं बळ तुम्हाला कुणी दिलं?"

"माझ्या सासऱ्यांनी," रश्मी म्हणाली. भीमराज खुर्चीत पुढे सरकले. "ते मला नेहमी एकच सांगतात..."

आणि पडदा पांढरा झाला. 'आमच्या अटी बदलल्या आहेत. पुढे जाण्यासाठी कृपया वाचा व मान्य करा.' पानं एकाहत्तर.

उद्धवरावांनी रिमोट धरून आदराने विचारलं, "ओव्हाळसाहेब, तुमीच सांगा. काय करू?"

"दाबा!" भीमराज ओरडले. "अहो बघताय काय, दाबा पटकन!"

उद्धवरावांनी दाबलं. रश्मी पुन्हा पडद्यावर आली, थांबली होती तिथूनच.

"...की कितीही घाई असू दे, कोण कितीही मागे लागू दे, वाचल्याशिवाय कशालाच हो म्हणायचं नाही. आणि ते स्वतः तसंच वागतात."

सगळ्यांत आधी पंचशीलाबाईंनी टाळ्या वाजवल्या.