रेडकरकाकांची मुदत

रेडकरकाकांना तुम्ही नुसतं चहा घेणार का विचारलंत तरी ते आधी मुदत मागतात. "थोडा वेळ दे, विचार करून सांगतो." विचार होईपर्यंत चहा निवतो आणि काका तो तसाच पितात. मालाडच्या आमच्या चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहतात. तरुणपणी मुलगी बघायला गेले तेव्हाही त्यांनी मुदत मागितली होती. ती संपेपर्यंत मुलीचं लग्न होऊन गेलं. ही हकीकत ते स्वतःच हसत हसत सांगतात.

असा माणूस दिंडोशीच्या कोर्टात प्रतिवादी झाला आणि मी त्याची वकील. दावा काकांच्या थोरल्या भावाचा, बोरिवलीच्या दादांचा. आईच्या नावावरची ही खोली विकून अर्धा वाटा द्या, असा. दावा लागल्यापासून भावाभावांचं बोलणं बंद. दाव्याला लेखी उत्तर, आमच्या भाषेत कैफियत, वेळेत द्यावी लागते. नाही दिली तर तुमचं न ऐकताच निकाल लागू शकतो, आणि काकांना डोकं टेकायला दुसरी जागा नाही.

कैफियत मी लगोलग तयार केली. काका सही करेनात. आधी त्यांची पाठ धरली. मग देवगडहून कसलेसे कागद यायचे होते, ते कधी आलेच नाहीत. मुदतीच्या अर्जावर मात्र झोकात सही करायचे. शेवटी जजसाहेबांनी मला चष्म्यावरून पाहिलं आणि ही शेवटची संधी म्हणून बजावलं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत ठाण मांडून बसले. चांगलीच वैतागले होते. कोर्टात बोलणी मी खायची आणि हे इथे निवांत मटार सोलत बसणार!

काकांनी मटार बाजूला ठेवले आणि कैफियतीच्या एका ओळीवर बोट ठेवलं. दाव्यातला सर्व मजकूर खोटा असून प्रतिवादीस नाकबूल आहे.

"हे आम्ही सगळ्याच केसमध्ये लिहितो, काका."

"असेल गं. पण दादाने दाव्यात लिहिलंय, बाबा गेल्यावर शाळा सोडून तो मिलमध्ये लागला, मला शिकवलं. ते खोटं आहे म्हणून मी सही कशी करू?"

इतके दिवस बोलला का नाहीत, विचारलं. तुझी मेहनत वाया गेली असती, म्हणाले.

ती ओळ मी खोडली. खोलीबद्दलचं आमचं म्हणणं तसंच ठेवलं, पण दादांनी शिकवलं ते कबूल, असं स्पष्ट लिहिलं. दिवाळीला नवा शर्ट फक्त मलाच यायचा, तेही घाल, काका म्हणाले. कोर्टाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी घातलं. काकांनी लगेच सही केली.

तारखेला कैफियत दाखल झाली, प्रत समोरच्या बाजूला दिली. मागच्या बाकावर दादा ती वाचत बसले. एका ठिकाणी थांबले, चष्मा काढून पुसला, पुन्हा तिथेच वाचलं. मग त्यांनी आपल्या वकिलाला कोटाला धरून खाली वाकवलं आणि कानात काहीतरी सांगितलं.

वकील उभा राहून म्हणाला, वादीला विचार करायला थोडी मुदत हवी आहे. जजसाहेबांनी ती दिली.

बाहेर जिन्याजवळ दादा थांबले होते. काका खाली मान घालून पुढे निघाले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"वसंता, जेवलंस काय रे?"

काका थबकले. आता हे विचार करून सांगतो म्हणणार, या भीतीने माझा जीव वरखाली झाला.

"नाय रे दादा," काका म्हणाले आणि वळलेसुद्धा.