खिळ्यावरचा बिल्ला

मला भीती वाटत नाही! निदान जावई म्हणून तसं सांगावं लागतं, कारण माझे सासरे उभा जन्म खाणीत मुकादम होते आणि मी बँकेत बसतो. त्यांच्या मते मी जिन्याखालच्या अडगळीतही एकटा जाणार नाही. म्हणून रविवारी जाहीर केलं, टेकडीतली बंद खाण आज आतून बघून येणार!

"जा की," सासऱ्यांनी जुन्या बिल्ल्यांच्या डब्यातून एक पितळी बिल्ला दिला. "तोंडाशी खिळा आहे. आत जाताना टांगायचा, बाहेर आलात की काढायचा. बिल्ला खिळ्यावर, म्हणजे माणूस आत. ज्याला दिसेल त्यानं शोधायला जायचं."

मी बिल्ला टांगून शिरलो. पहिल्या वळणावर उजेड संपला, दुसऱ्यावर धीर. कुठेतरी पाणी टपकत होतं आणि दर थेंबाला मी "कोण आहे?" विचारत होतो. परतायला वळलो तो नेमका चुकीच्या बोगद्यात! घाबरून पाढे म्हणू लागलो. शाळेत कधी न आलेला एकोणतीसचाही आला. शेवटी टेकडीच्या पलीकडच्या तोंडातून बाहेर पडलो आणि रस्त्याने घर गाठलं.

"बाबा कुठायत?" बायकोने दारातच विचारलं.

"म्हणजे?"

"तुला बघायला गेलेत. बिल्ला दिसला तर आत जातील रे. गुडघा धड नाही त्यांचा."

बिल्ला तिथेच होता! टेकडी चढून धावत पोचलो, तर खिळ्यावर दोन बिल्ले. कठडा धरून जिना उतरणारा म्हातारा माझ्यापायी त्या काळोखात होता. या वेळी पाढे सुचले नाहीत. "बाबा! बाबा!" ओरडत आत शिरलो आणि पार पलीकडच्या तोंडातून बाहेर पडलो. कुणी नाही. घरी काय सांगायचं, याची वाक्यं जुळवत रस्त्याने परतलो.

घरी सासरे गरम पाण्यात पाय सोडून बसले होते.

"मागच्या तोंडानं आलो. परत चढण झेपेना," ते म्हणाले. मग माझे मळलेले कपडे बघून, "माझ्यासाठी पुन्हा आत गेलात?"

"हो."

"शाबास."

लग्नापासून ऐकलेली ही पहिली शाबासकी. माझी छाती फुगली.

"बिल्ले काढलेत ना?"

मी स्वयंपाकघरात डोकावलो. "ही कुठंय?"

"तुम्हाला शोधायला गेली. पण काळजी नको, बिल्ला नेलाय तिनं."

मी पुन्हा बूट घातले.